सीमेवर रुग्णवाहिका अडू नये म्हणून

सिंधुदुर्ग जिल्ह्यात एखाद्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली, की नातेवाइकांच्या तोंडी बहुधा पहिले नाव येते ते बांबोळीचे. पणजीजवळचे हे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. या संस्थेची परंपरा १८४२ पासूनची आहे. ओरोसहून कोल्हापूर गाठायचे तर घाट चढावा लागतो आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तो मार्ग बंद पडतो. बांबोळीला मात्र कुडाळ, बांदा, पत्रादेवीमार्गे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ थेट जातो. दोडामार्गच्या रुग्णाला तर ओरोसपेक्षा गोवाच सोयीचा.

क्रमांक एक, यंत्रणा दोन

गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ साली सुरू झाली. महाराष्ट्रात ती जानेवारी २०१४ मध्ये आली. त्या वेळी राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका ठरवण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांनी सज्ज होत्या. क्रमांक एकच असला तरी दोन्ही राज्यांचे नियंत्रण कक्ष वेगळे आहेत. सीमेलगतच्या गावातला फोन पलीकडच्या टॉवरने पकडला, तर हाक भलत्याच कक्षात जाऊ शकते. शिवाय एक गाडी बांबोळीला गेली, की ती परतेपर्यंत कित्येक तास तिच्या भागातील लोकांना दूरच्या गाडीवर विसंबावे लागते.

पैशांचा प्रश्नही आहे. जानेवारी २०१८ पासून बांबोळीत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. त्यावर दोडामार्ग परिसरात आंदोलन उभे राहिले. गोव्याच्या तिजोरीवरील भार खरा होता, तसाच सिंधुदुर्गातील गरिबांचा नाइलाजही खरा होता.

तलपाडीचा धडा

करार आधी झालेला नसला तर काय होते, हे याच महामार्गावर दक्षिणेला दिसले. केरळमधील कासरगोडचे लोक उपचारांसाठी कर्नाटकातील मंगळुरूवर अवलंबून असतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने कर्नाटकाने सीमेवरील रस्ते मातीचे ढिगारे टाकून बंद केले. रुग्णवाहिका तलपाडी नाक्यावरून माघारी फिरल्या. उपचार न मिळाल्याने रुग्ण दगावल्याचे केरळ सरकारने सांगितले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. रुग्णांना सोडण्याच्या अटींवर सहमती झाल्याचे ७ एप्रिल रोजी न्यायालयाला सांगण्यात आले. जे सामंजस्य आधीच कागदावर असायला हवे होते, ते माणसे गेल्यावर झाले.

दोन देशांना जमले ते

आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातून स्वदेशातील मोठी हृदयरोग केंद्रे फार दूर पडतात. सीमेपलीकडचे डेरी शहर जवळ आहे. पण ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत. २०१६ पासून डोनेगलमधील तीव्र हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण रुग्णवाहिकेने थेट डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात नेले जातात. कोणता रुग्ण न्यायचा, कुणाला कळवायचे आणि खर्च कुणी सोसायचा हे आधीच ठरलेले असल्याने सीमेवर खोळंबा होत नाही.

आपल्याकडे काय हवे

येथे तर देश एकच आहे. दोन्ही नियंत्रण कक्षांत थेट संपर्क असावा. सीमेवर रुग्ण एका गाडीतून दुसऱ्या गाडीत देण्याची जागा ठरलेली असावी. रुग्णालयाला आगाऊ सूचना मिळावी. आणि देयक दोन सरकारांनी आपसांत मिटवावे, खाटेवरच्या माणसाच्या नातेवाइकांपुढे ते ठेवू नये. या चार गोष्टी लेखी असाव्यात, कारण अधिकारी बदलतात आणि तोंडी आश्वासने त्यांच्याबरोबर जातात.

ओरोस येथे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ते जसजसे सक्षम होईल, तसतशी बांबोळीची वाट धरणाऱ्यांची संख्या घटावी. तोवर कुटुंबांनी एवढे जरूर करावे: १०८ वर बोलताना राज्य, तालुका आणि गाव स्पष्ट सांगावे, रुग्णाचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जुने वैद्यकीय कागद एकाच पिशवीत ठेवावेत, आणि बांबोळीला निघण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात रक्तस्राव व श्वास यांवर प्रथमोपचार करून घ्यावेत. ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींपुढे या कराराची मागणी मांडणे, हेही आपलेच काम आहे.