पाण्यांत उमलणारा चहा

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें चीनहून येतांना मोठ्या सुपारीएवढ्या कांहीं गोळ्या आणल्या. आम्हांस त्या वैद्याच्या गुटिकाच वाटल्या. हा चहा आहे व तो पाण्यांत फुलतो, असें कळतांच आमची थोरली बहीण आक्का म्हणाली, "फूल देवाला वाहायचें, कीं कढत पाण्यांत बुडवायचें?"

काचेच्या पात्रांत गोळी ठेवून उकळून किंचित् निवालेलें पाणी ओतलें. क्षणभर ती तरंगली; मग एकेक पान बाजूस सरलें आणि मधून तांबडें फूल वर आलें. चार-पांच मिनिटांचाच खेळ, पण घरांतील सर्व मंडळी श्वास रोधून पाहत होती!

यांत इंद्रजाल कांहीं नाहीं. चहाचे लांब, कोवळे कोंब ओलसर असतांनाच बुडाशीं सुती दोऱ्यानें बांधतात. मध्यें मोगरा, शेवंती, लिली किंवा वाळल्यावरहि रंग न सोडणारें एखादें फूल गुंफतात, पानें त्यावर मिटवितात, गोळा फडक्यांत घट्ट आवळून उष्णतेनें वाळवितात. सारें काम हाताचें. शुष्क पानांत पाणी शिरतांच तीं फुगून मूळ आकाराकडे वळतात. बूड बांधलेलें असल्यामुळें टोंकें तेवढीं बाहेर फांकतात. 'विकास' शब्दाचा मूळ अर्थ उमलणें हाच, हें येथें डोळ्यांनीं दिसतें.

विक्रेते या चहास प्राचीन राजदरबारांत नेऊन बसवितात. परंतु आजच्या रूपांतील ही कला १९८० नंतरच्या दशकांत आन्ह्वेइ प्रांतांतील ह्वांगशान भागांत उदयास आली. पुढें फूचिएन व युन्नान प्रांतांतहि ती चालूं लागली.

काचेचें भांडें आधीं कोमट पाण्यानें विसळावें, नाहींतर तडकेल. दूध अर्थातच वर्ज्य. एकाच गोळीवर दोन-तीन वेळां पाणी घालतां येतें. चवीविषयीं खरें सांगावयाचें तर डोळ्यांचें पारणें फिटतें, जिभेचें नाहीं. आल्याच्या चहाची संवय झालेल्यांस तो कोमट पाण्यासारखाच लागेल.

आक्काचें वय ब्यायशीं. ऐन विशींत वैधव्य आलें; तेव्हांपासून तिनें केसांत फूल माळलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. आमचे पेले रिकामे झाले तरी ती त्या पात्रासमोरच बसून होती. सूनबाई तें उचलूं लागली, तेव्हां हळूच म्हणाली, "राहूं दे ग."

थंड पाणी घातलेलें तें पात्र पुढें दोन दिवस तिच्या खिडकींत होतें.