ताण, इसब आणि भिंतीतली ओल
मुंबईतल्या चारकोपच्या सेक्टरांतल्या बैठ्या घरांना पावसाळ्यात ओल येते. पाऊस भेग पाडत नाही, असलेल्या भेगेतून आत शिरतो. ताण आणि त्वचेचे नाते बरेचसे असेच. दहावीच्या परीक्षेआधी कोपराच्या घडीतला इसब चिघळला की घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतलंस, म्हणून झालं.’ पण इसबाची प्रवृत्ती मुळातच असते. ताणामुळे कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचे संप्रेरक) वाढते, त्वचेचे संरक्षक आवरण सावकाश भरून येते, झोप उडते, वाचता वाचता नखे कोपराकडे जातात आणि खाजवल्याने खाज आणखी वाढते. मुरमे, सोरायसिसही असेच उसळतात. नायटा मात्र बुरशीचा. लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेल्या कपड्यांखाली तो फोफावतो. त्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम चोळले, तर खाज तेवढ्यापुरती थांबते. बुरशी पसरतच राहते.