नकाराची आखणी

व्यसनमुक्तीच्या परिभाषेत ‘नकार’ म्हणजे खोटे बोलणे नव्हे. खोटे बोलणाऱ्याला खरे ठाऊक असते, तर नकारात अडकलेला माणूस ते स्वतःलाही कळू देत नाही. ‘रोज कुठे घेतो?’, ‘माझ्या पैशाची पितो’, ‘मनात आणले तर उद्या सोडीन’ ही त्याची ठरलेली वाक्ये असून रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर ती जशी ऐकू येतील, तशीच अन्यत्रही. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीचे डोळे रेखण्याच्या कामाला आखणी म्हणतात. असे नाजूक काम करणारा हात दारूच्या अधीन झाला, की रात्रीची दारू उतरताच सकाळी थरथरू लागतो. दोन घोट पोटात गेले की कंप थांबतो, भुवईची रेघ सरळ उतरते, आणि ज्या दारूने कंप आणला तीच औषध ठरते. नकाराला इतका भक्कम पुरावा दुसरा कोणता मिळणार? शिवाय घरचे माणूस कारखान्यात ‘ताप आहे’ असा निरोप धाडते, तेव्हा नकार एकट्याचा न राहता घराचा होतो.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचे वेगळेपण हा नकार हाताळण्यात दिसते. दारू एकदम तोडल्यास फिट येण्याचा धोका असल्याने आधी वैद्यकीय उपचार होतात; पण ३५ दिवसांच्या निवासातला खरा भाग गटचर्चेचा, कारण समोर बसलेला समुपदेशक पुष्कळदा स्वतःच व्यसनातून बाहेर पडलेला असतो आणि रुग्णाची प्रत्येक सबब त्याने पूर्वी वापरलेली असते. वाद घातला की रुग्ण स्वतःच्या पिण्याचीच वकिली करू लागतो, हे विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ पासून मांडले. त्याआधी, १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुलीच पहिली पायरी मानली होती. मुक्तांगणच्या ‘सहचरी’ या रुग्णांच्या पत्नींच्या गटामुळे उपचार घरापर्यंत पोहोचतो, आणि तापाचा निरोप बंद होणे हीही त्यातली प्रगतीच.

पेणच्या कारागिराला ३५ दिवस काढायचे म्हटले, की ‘गणपती झाल्यावर बघू’ हे उत्तर सहज सुचावे. मात्र तिथे विसर्जनानंतर पुढच्या वर्षाच्या मूर्तींचे काम फार काळ थांबत नाही.