सुई जागेवर, कापड मोकळं!

घरातल्या साध्या शिलाई मशीनवर गोधडीवर लाटा, वेल, नक्षी, अगदी स्वतःचं नावसुद्धा ‘काढता’ येतं. याला म्हणतात फ्री मोशन क्विल्टिंग. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही. लागतात चिंध्या, रोजची वीस मिनिटं आणि थोडा निगरगट्टपणा!

आधी एक प्रयोग करा. मित्राला सांगा, टेबलावर पेन उभं धर आणि अजिबात हलवू नकोस. आता तुम्ही पेनाखालचा कागद दोन्ही हातांनी सरकवत त्यावर स्वतःचं नाव लिहा. काय झालं? बालवाडीतलं अक्षर आलं ना? हसू नका, सगळ्यांचं तसंच येतं. फ्री मोशन क्विल्टिंग म्हणजे हेच. पेनाच्या जागी सुई, कागदाच्या जागी कापडाचे तीन थर. सुई आपली जागेवर वरखाली करत राहते, फिरवायचं असतं ते कापड.

आपण नेहमी शिवतो तेव्हा सुईखालचे दाते कापड मागे ओढत असतात. टाका केवढा हवा ते आपण आकड्यावर ठरवतो आणि मशीन तेवढं कापड सरकवतं. फ्री मोशनमध्ये हे दाते बंद करायचे. मग कापड पुढे, मागे, आडवं, गोल, कुठेही नेता येतं. पण आता टाका केवढा पडेल हे मशीन ठरवत नाही, तुमचा हात ठरवतो. गंमत तिथेच आहे आणि गोचीही तिथेच.

मी यात कसा पडलो?

२७ जुलै २०१९ आठवतो? महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती तो दिवस. उल्हास नदीचं पाणी तेव्हा बदलापुरातल्या आमच्या तळमजल्याच्या घरातही शिरलं. मी शाळेत होतो. टीव्ही गेला, गाद्या गेल्या, माझी पुस्तकं गेली. आजी मात्र एकाच गोष्टीसाठी हळहळली, तिच्या गोधडीसाठी. वर तिचं लुगडं, आत आजोबांचं धोतर. आजोबांची आमच्याकडे उरलेली तेवढीच वस्तू. गोधडी धुतली, वाळवली, पण नंतर दोरा जागोजागी सुटायला लागला आणि थर वेगळे झाले. शेवटी ती पिशवीत भरून माळ्यावर गेली. मोतीबिंदूच्या दोन ऑपरेशननंतर आजीने सुईदोरा सोडला होता.

या वर्षी मी ती पिशवी खाली काढली. हाताने धावदोरा घालत बसलो असतो तर माझी डिग्री आधी संपली असती. मशीनवर नेहमीसारखी सरळ टीप मारून बघितली, तर खालचा थर दाते ओढतात, वरचा थर फूट पुढे ढकलतं आणि मध्ये चुण्या पडतात. शिवाय रांग संपली की अख्खी गोधडी मशीनच्या त्या वीतभर जागेतून वळवायची! फ्री मोशनमध्ये गोधडी वळवावी लागत नाही, हवी त्या दिशेला फक्त सरकवायची. पण एक भीती होती. धोतर एकच होतं. माझा हात त्यावर पहिल्यांदा चालला असता, तर पुरातून वाचलेली गोधडी माझ्यामुळे गेली असती. म्हणून आधी चिंध्या.

चिंध्यांच्या गावात

चिंध्यांची कमी आपल्याकडे नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चार आणि पाचमध्ये जीन्स शिवणारे छोटे-मोठे कारखाने आहेत. तिथल्या गल्लीतून जा, कापून उरलेले डेनिमचे तुकडे दिसतात. विचारा, मिळून जातात. सीएचएम किंवा तलरेजाला जाणाऱ्यांना तर हे सगळं पायाखालचं. अस्तराचं सुती कापड हवं असेल तर गजानन मार्केट आणि जपानी बाजार आहेच. ‘मुलगा असून शिवतोस?’ असं मलाही विचारलं गेलं. मी म्हटलं, त्या कारखान्यांमध्ये जाऊन बघ, मशीनवर बसलेले बहुतेक पुरुषच असतात.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे वसवलं आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधमध्ये जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून, त्यावर धावदोऱ्याच्या समांतर रांगा घालून ‘रल्ली’ करतात. आपण गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिची ही सख्खी बहीण. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका अशीच ‘कवंदी’ करतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि गोल फिरत मध्यावर येऊन थांबतात. म्हणजे फाटकं जोडून टिकवायचं कसं, हे आपल्या आज्यांना केव्हाच माहीत होतं.

‘पण खरी गोधडी हातचीच!’ हा वादही जुनाच आहे आणि जगभर आहे. अमेरिकेत पडूका इथे क्विल्टची मोठी स्पर्धा भरते. १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. मुळात सुई जागेवर ठेवून कापड फिरवण्याची युक्ती त्याहून कितीतरी जुनी. सिंगर कंपनीने मशीनवरच्या भरतकामाचं सूचनांचं पुस्तक १९११ सालीच काढलं होतं. आणि आपल्या बाजारात रिंगमध्ये कापड ताणून मशीनवर वेलबुट्टी काढणारे कारागीर दुसरं काय करतात?

मशीनची तयारी

पायाचं मशीन असो वा मोटारवालं, दोन्ही चालतात. हाताने चाक फिरवायचं मशीन मात्र नको, कारण इथे दोन्ही हात कापडावर लागतात. काही मशीनला दाते खाली पाडायचं बटण किंवा स्क्रू असतो, काहींना दात्यांवर बसवायची पट्टी मिळते. दोन्ही नसेल तर टाक्याचा आकडा शून्यावर आणा. दाते वरखाली होतील, पण कापड ओढणार नाहीत.

नेहमीचं फूट काढून डार्निंग फूट लावा. दुकानात मशीनचं मॉडेल सांगून मागा. काही जण फूट न लावताच शिवतात, पण नवशिक्याने तो हिरोपणा करू नये, बोट सुईखाली यायला वेळ लागत नाही. सुती थरांना १४ नंबरची सुई, डेनिमला १६. सरावासाठी साधारण एक फूट लांबी-रुंदीचं ‘सँडविच’ करा. वर सुती कापड, मध्ये जुनी चादर, खाली पुन्हा सुती कापड. सेफ्टी पिना लावून थर पक्के करा. डेनिम असेल तर एक थर आणि खाली चादर पुरे. ते मुळातच कडक असतं, चुण्या कमी पडतात, म्हणून हात बसवायला ते उत्तम.

सुरुवातीला चाक हाताने एकदा फिरवा आणि बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या. दोन्ही दोरे धरून जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घाला, मग पुढे निघा. संपवतानाही तसंच.

हात कसा बसतो?

पहिला आठवडा मशीन विसरा. रद्दी पेपर आणि बॉलपेन घ्या. पेन न उचलता पानभर लाटा काढा, एक रेघ दुसरीला न कापता. जिगसॉ पझलच्या तुकड्यांसारखी ती नागमोडी रेघ आठवते? ती फ्री मोशनची बाराखडी. मग देवनागरीकडे या. शिरोरेषा न देता ळळळळ अशी सलग ओळ लिहा. दोन्ही बाजूंना सारखी वेलांटी येते का बघा. मग ४४४४ लिहा. जी रेघ डोक्यात पक्की नाही, ती कापडावर येत नाही.

अंबरनाथकरांना तर आयतं पाठ्यपुस्तक आहे. शिवमंदिर! शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे मंदिर आपण सेल्फीपुरतं बघतो. एकदा वही घेऊन जा. शिखरावरचे जाळीसारखे उभे पट्टे, भिंतींवरची नक्षी, त्यातली एकच वळणदार रेघ निवडा आणि पेन्सिल न उचलता ती काढायचा प्रयत्न करा. माझा ‘जाळी’चा पॅटर्न तिथूनच आला.

मग मशीनवर. दोन्ही तळहात सुईच्या दोन बाजूंना सपाट ठेवा, जणू हातांचीच रिंग. खांदे खाली. नजर सुईवर नको, सुई पुढे कुठे जाणार आहे तिथे ठेवा. सायकल चालवताना पुढच्या चाकाकडे बघतो का आपण? आधी मशीनचा वेग ठरवा, आवाज एकसारखा येऊ द्या, मग त्या आवाजावर हात सरकवा. इंचाला साधारण ८ ते १० टाके आले की समजा गाडी रुळावर आली. प्रत्येक तुकड्यावर पेनाने तारीख घाला. दुसरा तुकडा आणि बारावा तुकडा शेजारी ठेवले की कळतं आपण कुठून कुठे आलो. निराश झाल्यावर मला ते फार उपयोगी पडलं.

चुका कुठे होतात?

खाली दोऱ्याचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतोय? बहुतेक वेळा फुटाचा दांडा खाली करायचा राहिलेला असतो. डार्निंग फूट तसंही कापडावर दाबून बसत नाही, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. पण दांडा वर असला की वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही. माझे पहिले तीन दिवस यातच गेले.

उलट्या बाजूला वळणांवर पापण्यांसारखे दोरे दिसतात? वळणावर तुमचा हात सुईपेक्षा जोरात पळतोय. वळण आलं की मशीन नाही, हात हळू करा. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं टेन्शन थोडं सैल करा. सुई तुटली तर समजा कापडाला हिसका दिलात, सुई वाकली आणि प्लेटवर आपटली.

आणि एक चूक मशीनची नाही, माझी. आई याच मशीनवर ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. तिची अट एकच होती, रात्री काहीही कर, सकाळी मशीन जसं होतं तसं हवं. एका रात्री टेन्शन सैल केलेलं मी तसंच ठेवून झोपलो. सकाळी आईने घाईत गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची अख्खी बाजू शिवली आणि टीप ओढताच सुटली. ती काही बोलली नाही, शांतपणे उसवत बसली. ते जास्त लागलं. तेव्हापासून मशीनला हात लावायच्या आधी मी टेन्शनच्या चकतीचा फोटो काढतो आणि उठताना फोटो बघून ती जागेवर आणतो. शटलजवळचा कापसाचा भुगा ब्रशने काढून तेलाचा थेंबही सोडतो. उधारीच्या मशीनचं तेवढं देणं लागतोच.

मग गोधडीचं काय?

चौतिसाव्या तुकड्यानंतर मी गोधडी घेतली. खाली नवीन सुती कापड लावलं. सुई ११ नंबरची, कारण जुन्या कापडाला जाड सुईची भोकं सोसत नाहीत. त्याच कारणाने नक्षी विरळ ठेवली. दाट टाक्यांनी जीर्ण कापड टिकत नाही, उलट त्या रेघेवर फाटतं. सुरुवात मध्यापासून केली आणि कडेकडे गेलो, म्हणजे कापडाचा फुगा मध्ये अडकत नाही. सिद्दी बायकांच्या बरोबर उलट! डाव्या हाताला खुर्ची लावून गोधडीचा भार तिच्यावर टाकला. नाहीतर लोंबणारं कापड हात ओढतं आणि टाके लांब पडतात.

पाच रात्री लागल्या. एका कोपऱ्यात चुणी आली आहे. धोतराच्या एका भागावर टाके एवढे मोठे पडलेत की तिथे माझा हात थरथरला होता हे कुणीही सांगेल. उसवावं का, असं आजीला विचारलं. तिने गोधडी मांडीवर घेतली, दिसत नव्हतं म्हणून अंगठ्याचं नख रेघेवरून शेवटपर्यंत फिरवलं. म्हणाली, “वाकडी हाय. पन घट हाय. नको उसवू.”

गोधडी आता माळ्यावर नाही, तिच्या खाटेवर असते. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पिशवी असेल. ती लगेच काढू नका. आधी एक फुटाचा तुकडा कापा, पिना लावा, आणि फुटाचा दांडा खाली केलाय ना, तेवढं बघा.

निघण्याआधी पाच गोष्टी

• दाते बंद, दांडा खाली. याच क्रमाने, दर वेळी.
• रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा. मान दुखली की उठा.
• शिवायला बसण्याआधी दोन मिनिटं कागदावर तीच नक्षी काढा.
• सरावाच्या तुकड्यांना वर आणि खाली वेगळ्या रंगाचा दोरा लावा. टेन्शनची चूक लगेच दिसते.
• फसलेले तुकडे टाकू नका. चार जोडले की पायपुसणं होतं. आमच्या दारात सध्या माझी दोन आहेत.