चाकातील हवेचा दिवा : विश्वास किती ठेवावा?

आता अनेकांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी मोटारही उभी असते. तिच्या डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. हवा भरली तरी तो विझत नाही, किंवा पहाटे लागतो आणि दुपारी आपोआप जातो. शेवटी वैतागून त्याकडे पाहणेच सोडले जाते. हे धोक्याचे आहे, कारण हवा कमी असलेला टायर कडेने दबून तापतो व वेगात फुटू शकतो.

ही व्यवस्था दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात, बहुधा नोझलच्या आतील टोकाला, छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून बिनतारी संदेश पाठवितो. त्याची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते. ती संपल्यावर बहुधा सेन्सरच बदलावा लागतो. पंक्चर काढताना नोझलजवळ टॉमी घातल्यास सेन्सर मोडतो, म्हणून पंक्चरवाल्यास आधीच सांगावे.

दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित घटतो व ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. हा फरक एबीएस ब्रेकचे सेन्सर टिपतात. चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर दिवा लागेलच असे नाही. हवा भरल्यावर रीसेट न केल्यास मात्र तो उगाच लागतो.

थंडीचे निराळेच. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे दीड ते दोन पौंडांनी घटतो. निफाडकडे डिसेंबरात पहाटे दिवा लागून उन्हात विझला, तर तो बिघाड नव्हे; हवा काठावर आहे.

बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा संदेश चाक फिरू लागल्यावरच येतो. त्यामुळे हवा भरताच दिवा विझत नाही, काही अंतर जावे लागते. तेवढा धीर न धरता ३३ च्या जागी ४० पौंड भरणारेही भेटतात! गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा दोष यंत्रणेत असतो.

दिवा लागला नाही म्हणजे हवा ठीक, असेही समजू नये. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची आहे. तेथील नियमातही हवा २५ टक्के घटल्यावर इशारा मिळणे पुरेसे आहे. म्हणजे ३२ पौंडांची २४ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

म्हणून खिशात मावणारा गेज घ्यावा. पंधरवड्यातून एकदा, सकाळी गाडी हलविण्यापूर्वी, स्टेपनीसह सर्व चाके मोजावीत. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पाहावा. भरल्या गाडीचा आकडा तेथे बहुधा वेगळा दिलेला असतो.