न उबलेल्या अंड्यांची साक्ष

थर्मोकोलची पेटी, विजेचा दिवा, पाण्याची वाटी, तापमापक आणि बारा अंडी. एवढ्या सिद्धतेनंतर २१ दिवसांनी पिल्ले निघतात तीन! उरलेली नऊ अंडी उकिरड्यावर जातात आणि दोष नशिबाला दिला जातो. वास्तविक ती अंडी मोकळ्या जागेत (दुर्गंधीची तयारी ठेवून) फोडून पाहिली, तर अपयशाचे कारण बहुधा हाती लागते.

आत केवळ बलक आणि पांढरे असेल, तर अंडे बहुधा फलितच नव्हते; तेथे यंत्र निर्दोष. रक्ताचे कडे दिसले, तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच दगावला. आठवड्याहून अधिक काळ साठवलेली अंडी अथवा अतिउष्णता ही त्याची नेहमीची कारणे. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सियस तापमान हवे. तापमापकाच्या खरेपणाबद्दल शंका असल्यास ताप मोजण्याच्या तापमापकाबरोबर तो कोमट पाण्यात धरून पाहावा.

सर्वांत जिव्हारी लागते ते पूर्ण वाढलेले, परंतु कवचातच मेलेले पिल्लू. येथे आर्द्रतेकडे पाहावे. हवा कोरडी असल्यास आतील पापुद्रा चामड्यासारखा होऊन पिल्लाला आवळतो. फार दमट असल्यास अंड्यातील पाणी पुरेसे उडत नाही आणि पिल्लू ओलसर, सुजलेले आढळते. यावर स्वयंपाकघरातील वजनकाटा उपयोगी पडतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्यांचे वजन १२ ते १३ टक्क्यांनी घटावे. म्हणजे ६०० ग्रॅमची बारा अंडी साधारण ५२५ ग्रॅम भरावीत. त्याहून जड भरली, तर पाणी अधिक झाले.

रवणीवर बसलेली खुडूक कोंबडी हे सारे न शिकता सांभाळते, दिवसातून कितीदा तरी अंडी फिरवते. परंतु वनराजसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून यंत्राचा आधार घ्यावा लागतो. मोठ्या यंत्रासाठी कर्ज काढू इच्छिणाऱ्यांनी आधी लहान पेटीत दोन-तीन खेपा करून अंड्यांची अशी तपासणी करावी, हे बरे.

वीज गेल्यास घाबरून झाकण उघडू नये. पेटीवर घोंगडी टाकावी. तासाभराचा गारवा गर्भ सहसा सोसतो, अतिउष्णता मात्र सोसत नाही. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी आणि मग हात आवरावा. कवचाला पहिले छिद्र पडल्यापासून पिल्लू बाहेर येण्यास १२ ते २४ तास लागू शकतात. दयाबुद्धीने कवच सोलणाऱ्याच्या हाती पुष्कळदा रक्तस्राव झालेले पिल्लू येते. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. अंग सुकेपर्यंत ते पेटीतच सुखरूप राहते.