कॉफी : भर्जन, फांट आणि पथ्यविचार

‘चहा-कॉफी वर्ज्य’ असे पथ्यपत्रकावर लिहिणे वैद्यास सोपे, पण ते पाळणे रुग्णास कठीण असते. लोणी देवकर येथे औद्योगिक वसाहत आहे. रात्रपाळी करून आलेला रुग्ण अम्लपित्त व अनिद्रेची तक्रार सांगतो, तेव्हा तो कोणती कॉफी, किती व केव्हा घेतो हे विचारल्याविना निदान अपुरे राहते. घरी हौसेने कॉफी भाजताना व करताना जे ध्यानी आले, ते वैद्यबंधू व औषधालयचालक यांच्यापुढे आम्ही मांडत आहोत.

बृहत्त्रयीत कॉफीचा उल्लेख नाही. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. महाराष्ट्रात विदर्भातील चिखलदऱ्यास कॉफी होते. आपल्या इंदापूर तालुक्यात मात्र हिरव्या बिया बहुधा कर्नाटकातूनच मागवाव्या लागतात. अशा अनुक्त द्रव्याचे गुण रस व कर्म यांवरूनच अनुमानावे लागतात. तिक्त-कषाय रस, रूक्ष गुण व उष्ण वीर्य असे आमचे अनुमान आहे.

भर्जन : जाड बुडाच्या लोखंडी कढईत २०० ग्रॅम बिया मध्यम आचेवर सतत हलवाव्यात. हिरव्या बीत १० ते १२ टक्के ओलावा असतो. तो उडताना बी पिवळी होते, पापुद्रे सुटतात आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला पहिला तडतडाट ऐकू येतो. येथे उतरविल्यास मृदु, थोडे पुढे नेल्यास मध्य व दुसऱ्या तडतडाटानंतर तेल सुटेपर्यंत भाजल्यास खर, अशी स्नेहपाकाची परिभाषा येथे चपखल बसते. खर भर्जनात आंबटपणा जाऊन तिक्तता वाढते. उतरविताच बिया सुपात पसरून गार कराव्यात. अन्यथा आतल्या उष्णतेने त्या भाजतच राहतात. १५ टक्के घट धरल्यास १७० ग्रॅम कॉफी मिळते. आत कोंडलेला कर्बवायू निघून जाण्यास एक-दोन दिवस द्यावेत व लागेल तेवढीच दळावी.

कल्पना : शार्ङ्गधरोक्त कषायकल्पना येथे जशाच्या तशा दिसतात. उकळलेले पाणी किंचित निववून चूर्णावर ओतणे व चार मिनिटांनी गाळणे हा फांटच होय. रात्रभर थंड पाण्यात भिजविणे हा हिम. चूर्ण पाण्यात उकळत ठेवणे क्वाथाच्या जवळ जाते व कडवटपणा वाढविते. प्रमाण मात्र भिन्न आहे : फांटास चौपट पाणी सांगितले आहे, तर कॉफीस सोळापट पुरते.

मात्रा : अरेबिका बियांत सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात सुमारे २.२ टक्के कॅफीन असते. म्हणजे १२ ग्रॅम चूर्णात अनुक्रमे १४४ व २६४ मिलिग्रॅम. त्यातील बराचसा भाग पाण्यात उतरतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढास दिवसाला ४०० व गर्भिणीस २०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. रोबस्टाचा एक मोठा पेला गर्भिणीची मर्यादा ओलांडू शकतो. बाजारातील मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरीत कॅफीन नसते. म्हणून ‘दोन कप’ या उत्तरावरून मात्रा कळत नाही. पाकिटावरील टक्केवारी पाहावी.

कॅफीनची निम्मी मात्रा शरीराबाहेर पडण्यास सामान्यतः पाच तास लागतात. गर्भावस्थेत त्याहून बरेच अधिक. सायंकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्री अकरालाही शरीरात असतो. त्यामुळे निद्राजनक कल्प देण्यापूर्वी कॉफीची वेळ बदलून पाहावी. कॉफीमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. म्हणून पांडुरोगात भोजन वा लोहकल्प आणि कॉफी यांत अंतर ठेवण्यास सांगावे. थायरॉइडची आधुनिक गोळी घेणाऱ्यांसही हीच सूचना द्यावी.

औषधालयचालकांना एक विनंती : ज्या कढईत वा खलात औषधिद्रव्ये भाजली-कुटली जातात, तेथे कॉफी भाजू वा दळू नये. तिचा गंध व तेल भांड्यास धरून राहते.

सरसकट निषेध करण्यापेक्षा द्रव्य, मात्रा व काल विचारून दिलेले पथ्य रुग्ण अधिक पाळतो, असा आमचा अनुभव आहे.